रक्ताचे नाते आणि रक्ताचा गट

(नांदगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी वैद्य नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि उभे आयुष्य बातम्या लिहिण्यात गेले. रक्तासारख्या विषयावर मी बोलावे, याचे आश्चर्य वाटणाऱ्यांत पहिला मीच आहे. पण या विषयाने माझ्या घरात एक पाळणा रिकामा केला होता, म्हणून बोलतो. ते शेवटी सांगेन.

ए, बी आणि ओ हे गट कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने 1900-1901 च्या सुमारास शोधले. हे आपण शाळेत शिकलो. 'ओ' म्हणजे सर्वांना चालणारे रक्त, हेही तिथेच शिकलो. इथे थोडे थांबावे लागेल, कारण या समजाला आपल्या मुंबईत तडा गेला.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. य. मो. भेंडे काम करीत होते. त्यांना काही मोजक्या व्यक्ती अशा आढळल्या, की ज्यांचे रक्त तपासणीत 'ओ' दिसे, पण 'ओ' गटाचेच रक्त त्यांच्या रक्ताशी मिसळले की गुठळ्या होत. भेंडे, देशपांडे आणि भाटिया या तिघांनी लंडनमधील तज्ज्ञांसह 1952 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा शोध जाहीर केला. त्या गटाला 'बॉम्बे' हे नाव मिळाले. पुढे 1995 साली शहराचे नाव मुंबई झाले, तरी जगभरच्या वैद्यक ग्रंथांत गट मात्र 'बॉम्बे'च राहिला आहे!

हे होते कसे? आपल्या तांबड्या पेशींवर 'एच' नावाचा एक मूळ पदार्थ असतो. त्यावरच 'ए' किंवा 'बी' यांची उभारणी होते. ज्यांच्यात यांपैकी काहीच उभारले जात नाही, ते 'ओ'. जोते आहे, भिंत नाही. 'बॉम्बे' गटाच्या माणसात ते जोतेच नसते. त्यामुळे त्याच्या रक्तद्रवाला 'ए' परका, 'बी' परका आणि 'एच'सुद्धा परका. सर्वांना चालणारे म्हणून दिलेले 'ओ' रक्त त्याला विषासारखे बाधते. ओळख पटवण्याचा मार्ग सोपा आहे. केवळ पेशी न तपासता रुग्णाचा रक्तद्रव 'ओ' पेशींशी मिसळून पाहायचा आणि रक्त चढवण्यापूर्वी दोन्ही रक्तांची जुळणी कधीही टाळायची नाही. घाई झाली की नेमकी हीच पायरी गाळण्याचा मोह होतो.

भारतात सुमारे दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो. युरोपात दहा लाखांत एक. आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष आला तरच गट प्रकट होतो. आपल्याकडील लहान सोयरीक-वर्तुळे आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची जुनी चाल पाहता, ही संख्या आपल्याकडे अधिक का, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच असा रुग्ण सापडला की आधी त्याच्या सख्ख्या भावंडांचे रक्त तपासतात.

यातून एक गोष्ट अशी निघते, की जिच्यावरून संसार मोडू शकेल. समजा, आईच्या कार्डावर 'ओ', वडिलांच्या कार्डावर 'ओ', आणि मुलाचा गट निघाला 'बी'. पाठ्यपुस्तक म्हणते, अशक्य. मग कुजबुज सुरू होते आणि बोट नेहमीप्रमाणे बाईकडे जाते. पण ती आई 'बॉम्बे' गटाची असेल, तर तिच्यात 'बी' दडलेला असू शकतो. जोते नसल्यामुळे तो तिच्यात उभा राहिला नाही. मुलाला वडिलांकडून जोते मिळाले आणि तो उभा राहिला. ती निर्दोष असते, कार्ड अपुरे असते. वर्तमानपत्रात काम करताना अर्धवट कागदावर माणसे किती झटकन निकाल देतात, हे मी पुष्कळ पाहिले आहे.

2024 च्या मे महिन्यात इंदूरच्या एका रुग्णालयात अशीच एक स्त्री अत्यवस्थ होती. तिला आधी 'ओ' गटाचे रक्त दिले गेले होते आणि प्रकृती अधिकच ढासळली होती. शिर्डीचे एक गृहस्थ चारशेहून अधिक किलोमीटर मोटारीने गेले आणि आपले 'बॉम्बे' गटाचे रक्त देऊन आले. शिर्डी-इंदूर रस्ता आपल्या मनमाड-मालेगाववरूनच जातो. अशा दात्यांना शिबिरात सरसकट रक्त द्यायला लावू नये, कारण साठवलेल्या तांबड्या पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात. त्यांचे नाव रक्तपेढीच्या नोंदीत असावे आणि हाक आली की त्यांनी यावे.

मूत्रपिंडाच्या रोपणातही गटाचा अडसर येतो. आता प्रतिद्रव्ये काढून टाकून गट न जुळणारे रोपणही करता येते, पण ते खर्चिक आहे. 2011 च्या कायदादुरुस्तीने दोन कुटुंबांना दात्यांची अदलाबदल करण्याची वाट मोकळी झाली आहे.

आता घरची गोष्ट. मी शाळेत असताना माझ्या थोरल्या बहिणीचे दुसरे बाळ जन्मतःच पिवळे पडले आणि तिसऱ्या दिवशी गेले. आजी म्हणाली, दृष्ट लागली. कारण कळले ते पुष्कळ उशिरा. बहीण आर.एच. निगेटिव्ह, पहिला मुलगा पॉझिटिव्ह. त्या पहिल्या बाळंतपणात मुलाचे रक्त तिच्या रक्तात मिसळले आणि तिच्या शरीराने त्याविरुद्ध शस्त्रे घडवली. दुसऱ्या बाळावर ती चालली. हे टाळणारे 'अँटी-डी' इंजेक्शन जगात 1968 पासून उपलब्ध होते. आमच्यापर्यंत ते पोहोचले नाही.

त्या पहिल्या मुलाचे लग्न 2011 साली ठरत होते. मुलीचा गट निघाला 'ए निगेटिव्ह'. नातेवाईक म्हणाले, हात दाखवून अवलक्षण कशाला, स्थळ सोडा. बहीण म्हणाली, "मुलगी सोडायची नाही. सुई टोचून घ्यायची." सुनेला अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक इंजेक्शन दिले. बाळ पॉझिटिव्ह निघाले, म्हणून बहात्तर तासांच्या आत दुसरे. दोन्ही वेळा तारीख बहिणीने स्वतः भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवली होती. नात 2025 मध्ये सातवीत गेली. तिला एक धाकटा भाऊही आहे.