चाळिसावा हिस्सा
(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आज मी फळ्यावर एकच आकडा लिहिला आहे. 40. या आकड्यात गरिबाचा हिस्सा कसा दडला आहे, ते आज पाहू. पण आधी एक गोष्ट सांगतो. ती माझ्याच चुकीची आहे.

आपल्या वर्गात पूर्वी एक ताई येत असत. लालबागच्या चाळीत राहत. पती वारलेले. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलाला शिकवले. मुलगा दहावी पास झाला. पॉलिटेक्निकला त्याचा नंबर लागला. पण फी कुठून भरायची? त्यांच्या गल्लीत एक शिंपीकाम करणारे चाचा आहेत. त्यांनी एक अर्ज आणून दिला. अर्ज एका मुसलमान ट्रस्टचा होता. तो घेऊन ताई माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, हे आमच्यासाठी असंल का हो?"

मी कागद हातातसुद्धा घेतला नाही. म्हणालो, "ताई, ते लोक त्यांच्या माणसांना देतात. तुम्ही उगाच कशाला हेलपाटे घालता?"

ताई काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी तो कागद टाकून दिला नाही. तेव्हा त्या जोडाक्षरे शिकत होत्या. रात्री भांडी आवरून त्या कागद घेऊन बसल्या. अक्षराला अक्षर लावीत वाचू लागल्या. दोन रात्री लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज माझ्यापुढे ठेवला, एका ओळीवर बोट ठेवले आणि मोठ्याने वाचले, "कोणत्याही धर्माच्या गरजू विद्यार्थ्याला अर्ज करता येईल." 'विद्यार्थ्याला' या शब्दापाशी दोनदा अडखळल्या. पण ओळ पुरी केली.

माझी मान खाली गेली. मी मॅट्रिक झालेला. जन्मभर पोरे शिकवली. पण मी कागद न वाचताच उत्तर दिले होते. ताईंनी तो वाचला. मग सांगा बरं, त्या दिवशी वर्गात खरे साक्षर कोण होते?

शेवटची तारीख दोनच दिवसांवर आली होती. आम्ही बसून अर्ज भरला. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डाची नक्कल, कॉलेजने दिलेला फीचा कागद, सारे जोडले. खाली ताईंनी सही केली. अंगठा नाही, सही! पुढे निम्म्या फीची मदत मिळाली. उरलेले पैसे ताईंनी हप्त्याहप्त्याने भरले.

मग मी स्वतः त्या चाचांकडे गेलो. विचारले, "हे पैसे येतात कुठून?" त्यांनी शिलाईचे मशीन थांबवले आणि समजावून सांगितले. ते तुम्हांलाही सांगतो.

मुसलमान धर्मात जकात हे एक मोठे कर्तव्य आहे. खाऊनपिऊन उरलेली शिल्लक ठरावीक मर्यादेच्या वर गेली आणि ती वर्षभर टिकली, तर तिचा चाळिसावा हिस्सा गरिबांना द्यायचा. आपल्याकडे ती मर्यादा साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी धरतात. राहते घर आणि कामाची हत्यारे त्यात मोजत नाहीत. चाचांचे मशीनही मोजायचे नाही. आता हिशेब करा. मर्यादेपेक्षा जास्त, समजा 4,00,000 रुपये शिल्लक आहे. भागिले 40. किती आले? 10,000 रुपये.

हा उपकार नव्हे, बरं का. धनवानाच्या धनात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो, असे कुराणात सांगितले आहे. म्हणून देणाऱ्याने मिरवायचे नाही आणि घेणाऱ्याने लाजायचे नाही.

मी विचारले, "पण मग आमच्या ताईंना कसे दिले?" चाचा म्हणाले, "गुरुजी, गल्ले दोन असतात. जकात बहुतेक जण गरजू मुसलमानांनाच देतात. दुसरा गल्ला सदक्याचा, म्हणजे खुशीने दिलेल्या दानाचा. तो कोणाही गरिबाला चालतो." म्हणजे माझे बोलणे अर्धे खरे होते. अर्धे खरे माणसाला जास्त फसवते.

आपल्या मुंबईत हे काम नवे नाही. 1874 साली बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी अंजुमन-इ-इस्लाम ही संस्था काढली. मुसलमान समाज शिक्षणात मागे पडला होता. नुसते अन्नदान पुरणार नाही, मुलांच्या हाती पाटी दिली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. बोरीबंदर स्टेशनसमोर या संस्थेची जुनी दगडी इमारत आहे. ती 1893 साली सुरू झाली. भायखळ्याला साबू सिद्दीक यांच्या नावाचे तंत्रशिक्षण 1936 पासून चालू आहे. तेही अंजुमनच चालवते. तिथे सर्व धर्मांची मुले शिकतात.

हे तय्यबजी कोण? गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा तुम्ही पाहिला आहे. 1897 साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. जामीन आधी नाकारला गेला. शेवटी तो मंजूर केला हायकोर्टाच्या न्यायमूर्ती तय्यबजींनी. त्यांनी माणसाचा धर्म पाहिला नाही, कायदा पाहिला.

मंडळी, मदत देणारे हात या शहरात पुष्कळ आहेत. मशिदीजवळ आहेत, मंदिराजवळ आहेत, चर्चजवळ, अग्यारीजवळही आहेत. पण त्यांच्या दारावरची पाटी आपल्याला वाचता आली पाहिजे. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. कागद वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका. मधल्या दलालाला पैसे देऊ नका. आणि 'ते आपल्याला देणार नाहीत' असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याने कागद वाचला आहे का, ते आधी विचारा. सांगणारा तुमचा मास्तर असला तरी विचारा!

त्या ताईंचा मुलगा आता नोकरीला आहे. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, दर वर्षी एका पोराच्या वह्या-पुस्तकांचे पैसे मी देतो." मी विचारले, "कोणत्या पोराच्या?" तो म्हणाला, "ज्याला लागतील त्याच्या."

उद्या येताना प्रत्येकाने वहीत आपले नाव लिहून आणावे. त्याखाली हे गणित सोडवून आणावे : 1,000 रुपयांचा चाळिसावा हिस्सा किती?