पाण्याखाली गाळ किती?

सोनईच्या उसाला पाणी येतं,
ते मुळा धरणाच्या उजव्या कालव्यातून.
धरण भरलं, की आपण विचारतो, पाणी किती?
आज विचारू, गाळ किती?

मुळा नदी येते हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं.
पावसाळ्यात ती माती घेऊन येते.
धरणात पाणी थबकतं, माती खाली बसते. तोच गाळ.
त्याखाली आपला काळा पाषाण.

बुडी न मारता हा गाळ मोजायचा कसा?
आवाजानं!
टिचकी मारली, की हंडा भरलाय की रिकामा, ते कळतं ना? तसंच.

होडीखालचं यंत्र पाण्यात आवाज सोडतं.
चिरका आवाज मऊ गाळावरूनच परततो.
खर्जातला आवाज गाळात शिरतो,
आणि खालच्या कठीण थरावरून परततो.
दोन्ही प्रतिध्वनींमधल्या फरकावरून गाळाची जाडी कळते.
पुन्हा सांगते, आवाज दोन, आणि त्यांच्यातल्या फरकावरून गाळाची जाडी.

मात्र कुजलेल्या पाल्याचे बुडबुडे गाळात असले,
की आवाज तिथंच अडतो. मग नकाशा अर्धवट!

नाशिकची ‘मेरी’ संस्था धरणांमधल्या गाळाचा अभ्यास करते.
असा अभ्यास कशाला? मुळा धरण 26 टीएमसीचं, असं आपण सहज म्हणतो.
तो आकडा बांधणीच्या वेळचा.
गाळ बसला, की तेवढी पाण्याची जागा कमी.