नव्या बागेतील अनोळखी रोपे

(परसबाग करू इच्छिणाऱ्या नवोदितांसाठी दिलेले भाषण)



मृगाचा पाऊस पडून गेला, की मोकळ्या जागेचे रूप आठ-दहा दिवसांत पालटते. घरामागील ओसाड जागा असो, शाळेच्या आवारातील नवी परसबाग असो किंवा नव्या वसाहतीतील चार वाफे असोत, तेथे पेरलेल्या बियांबरोबर न पेरलेलेही पुष्कळ उगवते. बागकामात नव्याने पडलेल्या माणसापुढे अशा वेळी प्रश्न उभा राहतो : यांतील राखावयाचे कोणते आणि उपटावयाचे कोणते? उत्तर घाईने दिले गेले, तर दुहेरी हानी होते. स्वतः लावलेली रोपे उपटली जातात आणि अपायकारक रोपे नकळत जोपासली जातात. म्हणून खुरपे हाती घेण्यापूर्वी रोपाची ओळख पटवून घेणे, हा बागकामाचा पहिला पाठ होय.

तण म्हणजे काय?

'तण खाई धन' अशी म्हण शेतकऱ्यांत रूढ आहे आणि ती खोटी नाही. तथापि तण ही काही वनस्पतींची स्वतंत्र जात नव्हे. नको त्या जागी उगवलेली वनस्पती म्हणजे तण. ज्या हरळीच्या दूर्वांना गणेशपूजनात मान मिळतो, तीच हरळी गुलाबाच्या वाफ्यात शिरली की माळ्याला नकोशी होते. पत्रीत हवा असणारा आघाडा भाजीच्या वाफ्यात पाहुणा ठरतो. माका आणि भुईआवळी यांना औषधांत स्थान आहे. घोळ, तांदुळजा, पाथरी आणि टाकळा यांच्या भाज्या पावसाळ्यात आवडीने खाल्ल्या जातात. यास्तव अनोळखी रोप दिसताच ते निरुपयोगी ठरविणे योग्य नव्हे.

ही रोपे येतात तरी कोठून? काहींचे बी मातीतच पडून असते. काही अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येतात, काही रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीतील मातीबरोबर येतात, तर काहींना वारा आणि पक्षी घेऊन येतात.

ओळखीच्या खुणा

फूल आल्यावर वनस्पती ओळखणे सोपे असते; परंतु तोपर्यंत थांबल्यास तिचे बी सर्वत्र पसरण्याचा धोका असतो. म्हणून रोप लहान असतानाच काही खुणा पाहाव्यात.

पहिली खूण पानांच्या मांडणीची. पाने खोडावर समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत, की जमिनीलगत चक्राकार पसरली आहेत, हे पाहावे. दुसरी खूण खोडाची. तुळस, सब्जा यांचे खोड चौकोनी असते. लव्हाळा गवतासारखा दिसतो. पण त्याचा फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरविला की त्रिकोणी लागतो. ही ओळख महत्त्वाची, कारण लव्हाळ्याच्या जमिनीखाली गाठी असतात. नुसता वरचा भाग खुरपल्यास त्या गाठींतून तो पुन्हा फुटतो. गाठींसह खणून काढल्यासच आटोक्यात येतो. केनाही असाच चिवट आहे. उपटून ओल्या मातीवर टाकल्यास त्याच्या कांड्यांना पुन्हा मुळे फुटतात.

तिसरी खूण चिकाची. घोळीची भाजी खुडताना हिचा विशेष उपयोग होतो. घोळीच्या शेजारीच जमिनीसरपट वाढणारी दुधी ही रानवनस्पती उगवते आणि नवख्याला दोन्ही सारख्याच वाटतात. देठ मोडून पाहावा. घोळीचा देठ मांसल असून त्यातून पाणीदार रस येतो. दुधीतून पांढरा चीक येतो. चीक दिसला, तर ते रोप भाजीत घेऊ नये आणि हात धुतल्याखेरीज डोळ्यांना लावू नयेत.

चौथी खूण पर्णिकांच्या संख्येची. भुईमुगाच्या एका पानात चार पर्णिका असतात, टाकळ्याच्या पानात सहसा सहा. दोन्ही फुले पिवळी असल्याने फसगत होते. पर्णिका मोजल्या की शंका उरत नाही.

झेंडू की गाजर गवत?

सर्वांत महागात पडणारी चूक गाजर गवताच्या बाबतीत होते. काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी नावे मिळालेली ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. १९५५ च्या सुमारास पुणे येथे तिची नोंद झाली आणि परदेशातून आलेल्या धान्याबरोबर तिचे बी आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतर काही दशकांत ती देशभर पसरली.

तिची कातरलेली कोवळी पाने पाहून झेंडू किंवा शेवंती आपोआप उगवली, अशा समजुतीने तिला पाणी घातले जाते. वस्तुतः भेद स्पष्ट आहे. गाजर गवताची कोवळी पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि त्यांवर बारीक लव असते. झेंडूचे रोप आरंभापासून सरळ वाढते, त्याची खालची पाने समोरासमोर असतात, पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या असतात आणि पान उजेडाकडे धरल्यास त्यात तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. शेवंती तर बहुधा काश्यांपासून लावली जाते. जेथे ती कधी लावलीच नाही, तेथे ती आपोआप उगवण्याची शक्यता थोडी.

या गवताच्या संपर्काने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, चट्टे उठतात. परागकणांमुळे काहींना श्वसनाचा त्रास होतो. एक झाड हजारो बिया तयार करते. म्हणून फूल येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. फुलोऱ्यावर आलेली झाडे खतखड्ड्यात टाकू नयेत. पावसाळ्यात त्याची पाने खाणारे पट्टेदार मेक्सिकन भुंगे आढळल्यास त्यांना मारू नये. या गवताच्या बंदोबस्तासाठीच १९८४ पासून ते आपल्या देशात सोडण्यात आले.

मुलांची काळजी

शाळेच्या बागेत धोतऱ्याकडे विशेष लक्ष असावे. त्याची कर्ण्यासारखी फुले आणि काटेरी बोंडे मुलांना आकर्षित करतात. परंतु त्याचे सर्व भाग, विशेषतः बिया, विषारी आहेत. काटेरी पानांचा, पिवळ्या चिकाचा पिवळा धोतरा हाही घातक. त्याचे बी मोहरीसारखे दिसते. १९९८ साली दिल्लीत त्याच्या तेलाची मोहरीच्या तेलात भेसळ होऊन अनेकांचे प्राण गेले. गुंजेच्या लालकाळ्या बियाही विषारीच. चव घेऊन वनस्पती ओळखण्याचा मोह म्हणूनच कटाक्षाने टाळावा.

सोपी पद्धत

बियाणे नेहमी ओळीत पेरावे, म्हणजे ओळीबाहेर उगवलेले रोप परके आहे, हे लगेच कळते. त्याच बियाण्यातील चार दाणे निराळ्या कुंडीत पेरून ठेवल्यास वाफ्यातील रोपांशी तुलना करता येते. तरीही ओळख न पटल्यास फुलाफळासह एक फांदी जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, कागद रोज बदलून वाळवावी. सोबत जागा, दिनांक, फुलाचा रंग आणि गावात प्रचलित असलेले नाव नोंदवावे. असा नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखविल्यास जाणकारांना ओळख पटविणे सोपे जाते. एकच नाव निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पतींना दिले जात असल्याने केवळ नाव विचारून भागत नाही; नमुना दाखवावाच लागतो.

गावातील वयोवृद्ध स्त्रियांचे ज्ञानही दुर्लक्षिण्याजोगे नाही. कोणती भाजी कधी खुडावी आणि कोणत्या पानाला हात लावू नये, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. शाळेतील मुलांनी त्यांच्याकडून ही माहिती टिपून घेतली आणि वाळवलेल्या नमुन्यांसह एक वही तयार केली, तर दोन-तीन पावसाळ्यांत त्या गावाच्या वनस्पतींची उपयुक्त नोंद सिद्ध होईल. पुढील वर्षी बाग करणाऱ्याला मग अंदाजाने खुरपे चालवावे लागणार नाही.