दुपट्याकडे नको, बाळाकडे पाहा
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला "बाळाच्या संगोपनावर चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. असल्या विषयावर डॉक्टरीणबाई बोलल्या तर शोभेल. पण त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई औषधाचे सांगतील. दुपटी धुणाऱ्या बाईने दुपट्यांचे सांगावे." ते मला पटले. म्हणून आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे : पिऊन झाले की दूध टाकणारे तान्हे बाळ, आणि त्यापायी घरात होणारी काळजी.

ज्या घरी पाळणा हलतो त्या घरी हे चालूच असते. बाळ पोटभर पिते, खांद्यावर घ्यावे तो भळकन दूध बाहेर. कधी प्याले तसेच पातळ, कधी दह्यासारखे फुटलेले. मग एकेकीचे बोलणे सुरू होते. कुणी म्हणते, "आईचे दूध जड आहे." कुणी म्हणते, "तू वांगे खाल्लेस, ते बाधले." कुणी म्हणते, "दृष्ट लागली." आणि शेवटी कुणीतरी म्हणतेच, "अंगावरचे बंद करा, डबा आणा." हे सारे ऐकणारी पोर असते पंधरा दिवसांची बाळंतीण. तिची झोप झालेली नसते, टाके दुखत असतात. ती भिंतीकडे तोंड करून रडते आणि मनात धरते, की माझेच दूध वाईट. भगिनींनो, टाकलेल्या चमचाभर दुधाने बाळाचे सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते आईचे चांगले दूध तोडल्याने. म्हणून मी आज उभी राहिले आहे.

आता एक गंमत करू. मी घरून एक घडी केलेले दुपटे आणि वाटीत थोडे दूध आणले आहे. हे पाहा, मी दूध दुपट्यावर ओतते. पहिल्या ओळीतल्या बायकांनी सांगावे, किती सांडले? अर्धी वाटी? पाव वाटी? नाही हो! मोजून दोन चमचे, पोह्याचे सुद्धा नव्हेत, चहाचे. कापडावर दूध पसरते, म्हणून डोळ्यांना फार दिसते. घरी आपण तेच दुपटे पाहतो आणि म्हणतो, "प्यालेले सगळे बाहेर आले." सगळे आलेले नसते. घरी जाऊन ज्यांना शंका असेल त्यांनी स्वतः करून पाहावे.

बाळ दूध टाकते तरी का? माझ्या बुद्धीला समजले ते असे. आपल्या आज्या कमरेला सुपारीचा बटवा लावीत. नाडी ओढली की बटव्याचे तोंड बंद. आपल्या पोटाच्या पिशवीलाही वरच्या बाजूला अशीच नाडी आहे. घास खाली गेला की ती आवळते. तान्ह्या बाळाची ही नाडी अजून सैल असते. त्यातून पिशवी एवढीशी, खाणे सगळे पातळ, आणि बाळ दिवसभर आडवे. मग थोडे वर येणारच. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे वाढल्यासारखे दिसते, बाळ बसू लागले की कमी होत जाते आणि वर्षाचे होईतो बहुतेकांचे थांबते. नाडी आपोआप घट्ट होते. त्याला औषध लागत नाही, दिवस लागतात.

तोवर आपल्या हातात काय आहे ते सांगते. पाजताना बाळाचे डोके पोटापेक्षा वर असावे. नुसते बोंड तोंडात देऊ नये, भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात जावा आणि बाळाची हनुवटी छातीला टेकावी. म्हणजे दुधाबरोबर वारा कमी जातो. बाळ रडून रडून बेजार होईपर्यंत थांबू नये, कारण रडताना ते वारा गिळते. एक बाजू पिऊन झाली की खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवावा, ढेकर येऊ द्यावी. नाही आली तर पाठ बडवीत बसू नये. पाजल्यावर वीस मिनिटे ते अर्धा तास बाळाला उभे धरावे. हे काम आजोबांना किंवा बाळाच्या वडिलांना द्यावे. त्यांनाही बाळ मिळते आणि आईची पाठ टेकते.

आपल्याकडची एक चूक फार जुनी आहे. बाळ प्याले की लगेच तेल लावून पायावर घेतात, चोळतात, पालथे करतात आणि न्हाऊ घालतात. भरल्या पोटी असे केले तर मोठ्या माणसालाही ढवळेल. चोळायचे-न्हाणायचे ते पाजण्याआधी, नाहीतर तासाभराने. लंगोट बदलायचा तोही पाजण्याआधी. भरल्या पोटी दोन्ही पाय वर उचलले की पोट दाबले जाते. लंगोटाची नाडी आणि पोटावरून गुंडाळलेले दुपटे सैल ठेवावे. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांना अंगणाची वाट दाखवावी. त्या धुराने बाळाचे टाकणे वाढते, छातीही बिघडते. धुरीचेही तेच. बाळाच्या खोलीत धूर नको.

झोपवायचे कसे, हे बऱ्याच जणी विचारतात. "टाकणारे बाळ पाठीवर झोपवले तर गुदमरेल" अशी भीती असते. पण डॉक्टर सांगतात की पाठीवर, उताणेच झोपवावे. उताण्या बाळाची श्वासनळी अन्ननळीच्या वरच्या बाजूला असते, म्हणून वर आलेले दूध तिच्यात उतरणे अवघड असते. पालथे झोपवणे त्याहून धोक्याचे. डोक्याखाली उशी नको, अंथरूण सपाट असावे.

आता काय करू नये तेही सांगते, आणि इथे काही आजीबाई माझ्यावर रागावतील. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको. पाणी नको, बाळगुटी नको, पोटासाठी मिळणारे गोड पाणी नको. सहाणेवर उगाळलेल्या मुरडशेंगेबरोबर सहाणेवरची घाणही पोटात जाते. मध तर वर्षाच्या आत बोटालाही लावून चाटवू नये, त्यातून एक जीवघेणे दुखणे होऊ शकते. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मात्र जरूर द्यावे. बाळंतिणीलाही नुसत्या मेतकूट-भातावर ठेवू नये. तिच्या वांग्या-वालाने बाळ दूध टाकत नाही. तिला भाकरी, भाजी, वरण, दूध, लाडू, सगळे पोटभर मिळाले पाहिजे. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा. मीठ-मोहऱ्या ओवाळायला दोन मिनिटे लागतात. पण ओवाळून झाल्यावर बाळाचे वजनही करा.

वजनाचे महत्त्व मी घरात पाहिले. माझी लेक पहिलटकरीण, २०२३ च्या पावसाळ्यात बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. नात झाली, २ किलो ७०० ग्रॅमची. आठव्या दिवसापासून ती दूध टाकू लागली. दिवसाला बारा-बारा दुपटी. त्यात पाऊस असा, की एकही सुकेना. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे, लाळेरी, सारे स्वयंपाकघरात दोरीवर. लेकीच्या सासूबाईंचा फोन आला. त्याही मायेनेच बोलत होत्या. म्हणाल्या, "दूध बाधतंय पोरीला. बंद करा. मी डबा पाठवते." लेक फोनकडे पाहून रडू लागली.

आपल्याकडे आशाताई घरी येतात, ठाऊक आहे ना? गडचिरोलीकडे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी थोडेफार शिकलेल्या गावच्या बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघर घेतली. त्याचे फळ काय मिळाले ते १९९९ साली प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभर आशाताईंकडे हे काम आले. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या येतात, बाळ तपासतात, वजन करतात. आमच्या आशाताईंनी केलेले प्रत्येक वजन मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत होते. तिसऱ्या दिवशी २ किलो ५५०. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरतेच, त्याला भिऊ नये. चौदाव्या दिवशी २ किलो ७५०. अठ्ठाविसाव्या दिवशी ३ किलो १८०. मी विहीणबाईंना फोन लावला आणि म्हटले, "विहीणबाई, पोरगी टाकते हे खरे. पण चौदा दिवसांत ४३० ग्रॅम वाढली आहे. रोजचे तीस ग्रॅम झाले. दिवसात सात-आठ लंगोट ओले करते. दूध बाधले असते तर हे वजन कुठून आले असते?" त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "डबा नको मग. दुपटी पाठवते." आणि खरोखर दोन डझन पाठवली! माझ्या लेकीने सहा महिने नुसते अंगावर पाजले. नात नवव्या महिन्यात टाकायची थांबली.

डब्याविषयी आणखी एक. १९९२ साली आपल्या देशात कायदा झाला आणि बाळाच्या दुधाचे डबे व बाटल्या यांच्या जाहिरातींवर बंदी आली. आईच्या दुधाचे मोल सरकारलाही कळले, आपल्याला कळायला हवेच. ज्या आईला काही कारणाने वरचे दूध द्यावे लागते, तिला मात्र कुणी बोल लावू नये. तिने डॉक्टरांना विचारून मापात, थोडे थोडे, स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे. "उरलेले संपव" म्हणून बाळाला आग्रह करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. दरवेळी दूध टाकणे साधेच असते, असे समजून कुणी स्वस्थ बसू नका. आमच्या मागच्या वाड्यात एक नातू पाच आठवड्यांचा होता. त्या घरच्यांच्या संमतीने सांगते. तो आधी इतर बाळांसारखाच टाकायचा. मग दरेक पाजण्यानंतर जोराने, हातभर लांब उडेल अशी उलटी होऊ लागली, आणि उलटी झाली की लगेच पुन्हा भुकेने रडणे. शेजारी म्हणाले, "टाकणारी पोरे बाळसे धरतात." पण त्याची आजी आपल्याच मंडळाची. तिने पाहिले, की सकाळपासून दुपारपर्यंत एकच लंगोट ओला झाला आहे आणि मांड्यांची कातडी सैल पडली आहे. तिने त्याच दुपारी बाळाला दवाखान्यात नेले. तपासणीत दिसले, की पोटातून आतड्यात जाण्याची वाट जाड होऊन आवळली आहे. हे दुखणे बहुधा दोन ते आठ आठवड्यांच्या बाळांत दिसते, मुलग्यांत जास्त. आधी सलाइन लावून मग छोटी शस्त्रक्रिया केली. थोड्याच दिवसांत बाळ अंगावर पिऊ लागले. आजीने आणखी दोन दिवस वाट पाहिली असती तर काय झाले असते, ते मला बोलवत नाही.

तेव्हा या खुणा लक्षात ठेवा. उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल. दरेक वेळी जोराने उडत असेल. लघवी कमी झाली असेल. वजन वाढत नसेल किंवा उतरत असेल. टाळू खोल गेली किंवा फुगली असेल. पोट टम्म झाले असेल. बाळ मलूल पडून पीत नसेल. शौचात रक्त दिसत असेल. पाजताना ठसका लागून निळे पडत असेल. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल. यांतले एक जरी दिसले तरी दृष्ट, गुटी, शेक यांत वेळ घालवू नये. हिरव्या उलटीला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावे, वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. सहा महिन्यांनंतर नव्यानेच टाकणे सुरू झाले तरीही दाखवून घ्यावे.

पण बाळ हसते, पिते, दिवसात सहा तरी लंगोट ओले करते आणि वजनाने चढते आहे, तर ते धुण्याचे काम आहे, दुखणे नव्हे. आणि ते धुणे एकट्या बाळंतिणीवर टाकू नये.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. आशाताईंच्या फेऱ्या बेचाळीस दिवसांपर्यंत लागोपाठ असतात. पुढे अंगणवाडीत महिन्याला वजन होते. पण काळजी लागलेल्या घराला महिनाभर थांबवत नाही. दर संक्रांतीला आपण हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या वाटतो. त्या कुणाच्या कपाटात किती आहेत, ते प्रत्येकीला माहीत आहे. येत्या संक्रांतीला डब्या न वाटता त्या पैशांत मंडळाने बाळांचा एक चांगला वजनकाटा घ्यावा. तो मंडळाच्या खोलीत राहील. ज्या सुनेला किंवा लेकीला कुणी म्हणेल, "तुझे दूध बाधते," तिने बाळ घेऊन यावे, आठवड्याला वजन करावे आणि आकडा घरी जाऊन सांगावा. वजन चढत नसेल तर आपल्यातल्या दोघींनी तिच्याबरोबर दवाखान्यात जावे. काट्यावर बसायची पहिली पाळी मी घेते.