आधी तलाव, मग मासे

दुर्मिळ मासा वाचवायचा म्हटलं की सगळ्यांना हॅचरी आठवते. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवली गेली, देशभर वाटली गेली. काम थोरच. पण त्यातली काही कावेरीत सोडली गेली. तिथला मूळचा कुबड्या महसीर आज संपण्याच्या काठावर आहे, आणि त्यात या पाहुण्यांचा वाटा असल्याचं अभ्यासक मानतात.

आपल्या भंडाऱ्याकडे मात्र हे काम उलट्या टोकापासून सुरू झालं.

इथले मामा तलाव, म्हणजे मालगुजारी तलाव, कोहळी समाजानं बांधले. त्यांत मासेमारी ढिवर समाजाची. मरळ, दाडक, शिंगूर, वाघूर, बोटरी हे इथले मासे. पुढे उत्पन्न वाढावं म्हणून रोहू, कटला, मृगळ आले. ते मूळचे गंगेकडचे, वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. तलावात त्यांची वीण होत नाही, म्हणून दरवर्षी बीज विकत आणा! सोबत गवत्या (ग्रास कार्प) आला, त्यानं पाणवनस्पती फस्त केल्या. सायप्रिनसनं (कॉमन कार्प) तळ उकरला. काठावर बेशरमची झुडपं माजली.

मरळीला बीज विकत आणावं लागत नाही. पाणगवतात जागा साफ करून ती अंडी घालते आणि लालसर पिल्लांच्या थव्यावर आईबाप पहारा देतात. पण पाणगवतच नसेल तर अंडी घालायची कुठे?

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर मंडळी यांनी नेमकं हेच हेरलं. अर्जुनी मोरगाव भागात, जो 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता, त्यांनी उन्हाळ्यात आटलेल्या तलावातली बेशरम मुळासकट काढली, तळ नांगरला आणि पावसाचं पाणी साचताच चांगल्या तलावांतल्या देशी पाणवनस्पती आणून लावल्या. महिला बचत गट चिखलात उतरले. कोणती वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे ढिवरांनाच ठाऊक होतं. पुस्तकात ते शोधून सापडलं नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. देशी माशांची हॅचरी जरूर काढा, पण उजाड तलावात पिल्लं सोडणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

मच्छीमार संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. यंदा बीजाची मागणी नोंदवताना गवत्या आणि सायप्रिनस वगळा, आणि मृगाच्या आधी तलावातली बेशरम काढून घ्या.