घरातील ध्वनिमुद्रणाची खोली
घरच्या लहान खोलीत गाणे मुद्रित करू पाहणारा हौशी मनुष्य बहुधा प्रथम अंड्यांचे पुठ्ठे भिंतींना चिकटवितो. त्यांनी ना शेजारचा गलका अडतो, ना खर्जाचा घुमारा ओसरतो. 3 मीटर अंतरावरील समोरासमोरच्या भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे 57 कंपनांचा नाद घुमतो. त्याची लहर 6 मीटर लांब. तिच्यापुढे पुठ्ठ्याचा काय पाड! वॉलेस सॅबिन यांनी 1895 साली सुरू केलेल्या प्रयोगांत हार्वर्डच्या व्याख्यानगृहातील प्रतिध्वनी शमविला, तो दुसऱ्या सभागृहातील आसनांच्या गाद्या आणूनच. कापसाची जाड गादी कोपऱ्यात, भिंतींपासून अंतर राखून, तिरपी उभी करावी. गायकाच्या पाठीमागे गोधडी टांगावी. मात्र पातळ कापडाने चारही भिंती झाकू नयेत. त्याने तारसप्तकाचे तेज तेवढे जाते आणि खर्ज घुमतच राहतो.