मूत्रपिंडातले डोपामीन

आज एकाच विषयावर बोलणार आहे, कारण रक्तदाबाच्या आपल्या चर्चांत तो नेहमी कडेला राहतो.

डोपामीन म्हटले की मेंदू आणि पार्किन्सन्स एवढेच डोळ्यांसमोर येते. पण मूत्रपिंड आपल्यापुरते डोपामीन स्वतः बनवते, त्यासाठी मज्जातंतूंवर अवलंबून राहत नाही. प्रॉक्सिमल ट्यूब्यूलच्या पेशी गाळलेल्या द्रवातला एल-डोपा आत घेतात, त्याचे डोपामीन करतात आणि ते त्याच जागी वापरले जाते. आहारात मीठ वाढले की हे उत्पादनही वाढते.

याचे मोल कळायला थोडा हिशेब करावा लागतो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातल्या सोडियमचे मीठ केले तर ते जवळजवळ दीड किलो भरेल. नव्याण्णव टक्क्यांहून अधिक सोडियम परत रक्तात जाते, त्यातला दोन-तृतीयांश भाग याच प्रॉक्सिमल ट्यूब्यूलमधून. तिथे डोपामीनचा डी१ रिसेप्टर जागा झाला की पेशीत सायक्लिक एएमपी वाढते, एनएचई३ हा सोडियम-वाहक आणि सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतात आणि सोडियम लघवीवाटे निघून जाते. मीठ माफक वाढलेले असताना बाहेर पडणाऱ्या सोडियमपैकी निम्म्याच्या आसपास वाटा या यंत्रणेचा मानला जातो.

उच्च रक्तदाबाच्या अनेक रुग्णांत बिघाड इथेच सापडतो. डोपामीन असते, रिसेप्टरही असतात, पण घंटी वाजूनही घरातले कोणी उठू नये तशी पेशीची गत होते. रॉबिन फेल्डर, पेड्रो होसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की जीआरके४ या किनेझचे काही जनुकीय प्रकार अति सक्रिय असतात. ते डी१ला फॉस्फेट चिकटवून जी-प्रोटीनपासून तोडतात. त्यातला ए१४२व्ही हा प्रकार उंदरांत घातला, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला. या शोधाबद्दल मला मनापासून आदर आहे.

मात्र यंत्रणा समजली म्हणून उपचार सापडला असे होत नाही, हे याच रेणूने आपल्याला शिकवले आहे. ‘रीनल डोस’, म्हणजे अल्प मात्रेतले, डोपामीन कित्येक वर्षे आयसीयूत सर्रास चालू होते, कारण लघवी वाढायची. मग २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ३२८ रुग्णांच्या चाचणीने दाखवले की मूत्रपिंड वाचवण्यात त्याचा काही उपयोग होत नाही. फेनॉल्डोपाम हे डी१ उद्दीपक अमेरिकेत १९९७ साली मान्य झाले, तेही शिरेतून आणि तातडीच्या प्रसंगासाठी. रोज घ्यायची, या बिघाडावरच नेम धरणारी गोळी आपल्या हाती अजून नाही.

तोवर मीठ आपल्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, आणि आपल्या ताटात पापड, लोणचे, फरसाण, कोकणात सुकट-बोंबील. ‘मीठ कमी करा’ एवढे चिठ्ठीवर लिहून भागत नाही. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून विचारावे लागते. औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबात चोवीस तासांच्या लघवीतले सोडियम मोजायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक मागणे आहे. जीआरके४चे प्रकार लोकसमूहागणिक वेगवेगळ्या प्रमाणात आढळतात. विदर्भ, मराठवाडा आणि कोकणातल्या केंद्रांनी एकाच पद्धतीने रुग्णांचे नमुने गोळा केले, तर आपल्या लोकांत मीठ नेमके कोणाला बाधते हे आपल्याच माहितीवरून सांगता येईल. त्याचा कच्चा आराखडा मी उद्या सकाळच्या सत्रात मांडणार आहे. त्यातल्या त्रुटी दाखवायला आपण सर्वांनी यावे.